चाकूंच्या गावी

'शेफिल्ड' हे नाव तुम्ही कुठेतरी नक्की वाचलेलं असणार. आजोबांच्या वस्तऱ्यावर, शिवणाच्या मोठ्या कात्रीवर, नाहीतर लग्नात आहेर आलेल्या आणि पेटीतून कधीच बाहेर न निघालेल्या काट्या-चमच्यांवर ते बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेलं असतं. मागच्या उन्हाळ्यात ह्यांच्या कंपनीनं ह्यांना तीन महिन्यांसाठी त्या गावी पाठवलं. माझ्या शाळेला सुट्टी होती, तेव्हा दोन्ही मुलांना घेऊन मीही पाच आठवडे जाऊन आले.

"इंग्लंडला गेलीस आणि लंडन सोडून शेफिल्डला राहिलीस?" असं शिक्षकखोलीत सगळ्यांनी विचारलं. लंडनही पाहिलं हो, दोन दिवस. पण लंडनबद्दल पुष्कळांनी लिहून झालंय. मी सांगणार आहे ते चाकूंबद्दल, आणि तेही ओट्यावरच्या सुरीबद्दल नाही, तर खिशात मिटून ठेवायच्या छोट्या चाकूबद्दल.

मँचेस्टरला विमानातून उतरलो आणि आगगाडीनं शेफिल्डला निघालो. वाटेत हिरवे डोंगर, दगडी कुंपणं, मेंढ्या आणि एक लांबलचक बोगदा. मुलांना कसारा घाटाची आठवण झाली. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच पोलादाची एक लांब, वळत गेलेली भिंत आहे. तिच्यावरून सारखं पाणी वाहतं. एखादं मोठं पातं उभं करून धुवायला ठेवावं तशी ती दिसते. आणि हे पाणी तिथं नुसतं शोभेचं नाही. ह्या गावाचं सगळं नशीबच पाण्यानं घडवलेलं आहे.

शेफिल्डमध्ये पाच नद्या आहेत. डॉन, शीफ, पोर्टर, रिव्हलिन आणि लॉक्सली. आपल्या कृष्णा-वेण्णेपुढे त्या ओढ्यासारख्याच दिसतात, पण डोंगरावरून धावत येतात. त्या धावण्यावर पाणचक्क्या फिरायच्या. शेजारच्या डोंगरांत खरखरीत दगड मिळायचा, त्याची धार लावायची चाकं व्हायची. चौदाव्या शतकात चॉसर नावाच्या कवीनं आपल्या गोष्टीतल्या एका गिरणीवाल्याच्या पायमोज्यात शेफिल्डचा चाकू खोचून ठेवलाय, म्हणजे तेव्हाच हे नाव झालेलं होतं. १६२४ साली तर चाकू-कारागिरांच्या संघाला तिथल्या पार्लमेंटनं कायदा करून मान्यता दिली. तो संघ अजून आहे.

पोर्टर नदीच्या काठी 'शेफर्ड व्हील' म्हणून धार लावण्याचा जुना कारखाना जपून ठेवलाय. झाडीत लपलेलं बसकं दगडी घर, बाजूला पाण्यावर फिरणारं मोठं चाक. आत दगडी चाकांची रांग, प्रत्येकाच्या मागे लाकडी बैठक. कामगार घोड्यावर बसावं तसा तिच्यावर मांड टाकून बसायचा आणि पुढे वाकून पातं दगडावर धरायचा. दिवसभर तोंडाशी उडणारा बारीक कण छातीत जायचा. काट्यांचं काम तर कोरड्या दगडावर चाले. ते करणाऱ्यांपैकी पुष्कळजण तिशी ओलांडली की फार दिवस जगत नसत. त्या दम्याला नावच 'ग्राइंडरचा दमा' पडलं होतं. हे ऐकल्यावर काट्या-चमच्यांच्या चकचकीत पेटीकडे पूर्वीसारखं बघवत नाही.

खरी गंमत पुढे केलम आयलंडच्या संग्रहालयात झाली. डॉन नदीचा एक फाटा काढून तयार झालेलं हे बेट. तिथं जुन्या कारागिरांची कामाची दुकानं जशीच्या तशी मांडून ठेवलीत. ह्या कारागिरांना गावात 'लिटल मेस्टर' म्हणतात, म्हणजे छोटे मास्तर. एक खोली, एक बाक, आणि स्वतःच मालक, स्वतःच कामगार. अशाच एका बाकापाशी एक वयस्क गृहस्थ बसले होते. कपाटातले चाकू बघून मी विचारलं, "ह्यातला सगळ्यात चांगला कोणता?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि उलट मलाच विचारलं, "तुम्ही कापणार काय?"

मैत्रिणींनो, त्या एका प्रश्नावर आमचा पुढचा तास गेला. आपण चाकूची धार बघतो, फार तर पोलाद बघतो. ते गृहस्थ आकार बघत होते. पात्याची पाठ कुठे वळते, टोक कुठे येतं, आहे की नाही, ह्यावरून तो चाकू कुणाच्या खिशातला ते त्यांना सांगता येत होतं.

पहिलं पातं भाल्यासारखं. धार आणि पाठ दोन्ही बाजूंनी वळत येऊन मधोमध टोक करतात. हे सगळ्या कामांचं पातं, आपल्या घरातल्या थोरल्या सुनेसारखं. कुठलंच काम अडत नाही आणि कुठल्याच कामासाठी खास कौतुक नाही.

दुसऱ्याचं नाव क्लिप. ह्याची पाठ टोकाशी कोरून काढलेली असते, त्यामुळे टोक बारीक आणि अणकुचीदार होतं. आपण ह्यानं बटाट्याचा डोळा किंवा वांग्यातली कीड सहज काढू. मात्र बारीक टोक लवकर मोडतं, त्यानं डब्याचं झाकण उचकटायचं नाही.

तिसरं मला फार आवडलं. त्याला मेंढीच्या पायाचं पातं म्हणतात, शीप्सफूट. धार पट्टीनं आखल्यासारखी सरळ आणि पाठ शेवटी एकदम खाली वाकलेली. टोचेल असं टोकच नाही. मी विचारलं, "टोक नाही तर मग उपयोग काय?" ते म्हणाले, "टोक नाही हाच उपयोग." हे पातं खलाशांचं. हलत्या जहाजावर दोर कापताना तोल गेला तर चाकू स्वतःच्या पोटात नाहीतर शेजाऱ्याच्या पाठीत जाऊ नये, म्हणून टोक काढून टाकलं. मला एकदम न्हाव्याचा वस्तरा आठवला. तोही सरळ धारेचा आणि बोथट टोकाचा. कुणाच्या गळ्याशी चालणारं हत्यार असंच हवं.

चौथं व्हॉर्नक्लिफ. ह्याचीही धार सरळच, पण पाठ मुठीपासूनच हळूहळू उतरत जाते आणि शेवटी टोक येतं. लाकडावर कोरीव काम करायला, शिवण उसवायला उत्तम. पाचवं स्पे. आखूड आणि टोकाशी गोलसर. हे गुराख्यांचं. गोऱ्ह्याचा बैल करताना जे काम करावं लागतं त्यासाठी. नको तिथं टोक रुतू नये म्हणून ते बोथट. अमेरिकेतले गुराखी वापरतात त्या तीन पात्यांच्या चाकूत क्लिप, शीप्सफूट आणि स्पे अशी तिन्ही एकत्र असतात.

सहावं माळ्याचं, पोपटाच्या चोचीसारखं आत वळलेलं. फांदी त्या वाकात अडकते, निसटत नाही, आणि आपल्याकडे ओढली की कापली जाते. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपला विळा दुसरं काय करतो?

बघा, आपल्याकडेही हे शहाणपण आहेच. चांभाराची रापी पुढून रुंद, कारण कातडं दाबून कापायचं असतं. विळीचं पातं जागचं हलत नाही, कारण भाजी धरायला दोन्ही हात मोकळे हवेत. फरक इतकाच की आपण प्रत्येक धंद्याचं हत्यार वेगळं ठेवलं आणि शेफिल्डवाल्यांनी दोन-तीन धंदे एका मुठीत मिटवून खिशात घातले.

आता 'पेन नाइफ' ह्या शब्दाची गोष्ट. इंग्रजीच्या तासाला आपण तो कितीदा वाचला असेल, पण पेनचा आणि चाकूचा संबंध काय? पूर्वी साहेब हंसाच्या पिसानं लिहायचा. पिसाचं टोक झिजलं की तासावं लागायचं, त्यासाठी हे बोटाएवढं बारीक पातं. एकोणिसाव्या शतकात लोखंडी निबं आली, पिसं गेली, पण चाकूचं नाव राहिलं. आपल्याकडच्या कारकुनालाही बोरू तासायला चाकू लागायचाच. मी वर्गात मराठी शिकवते, म्हणून माझ्या डोक्यात लगेच आलं की आपण लेखणीला कलम म्हणतो आणि आंब्याच्या झाडालाही कलमच म्हणतो. दोन्ही ठिकाणी चाकूनं तिरपा छेद द्यायचा असतो!

हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या गृहस्थांना सांगितलं, तसे ते हसत उठले आणि आतून एक चाकू घेऊन आले. तो हातात घेतला आणि मी चपापलेच. अगदी तसाच चाकू आमच्या घरी आहे.

माझे सासरे दापोलीजवळ आमच्या गावी बाग बघायचे. ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा एक चाकू आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लुगड्यांच्या ट्रंकेत जपून ठेवलाय. एकच सरळ पातं, आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला हाडाची चपटी, गुळगुळीत जीभ. ती जीभ कशाला असते ह्यावर आमच्या घरी सुट्टीत नेहमी चर्चा व्हायची. हे म्हणायचे, पाकिटं फोडायला. भावजी म्हणायचे, नुसती शोभेची.

ते गृहस्थ म्हणाले, हा डोळे भरायचा चाकू. पात्यानं झाडाच्या सालीला इंग्रजी 'टी' सारखी चीर द्यायची. मग ह्या जिभेनं सालीचे दोन्ही पदर अलगद उचलायचे. तिथं लोखंड घातलं तर आतला ओला भाग खरवडला जातो आणि डोळा धरत नाही, म्हणून जीभ हाडाची किंवा शिंगाची. आत दुसऱ्या झाडाचा डोळा सरकवायचा आणि पट्टीनं बांधून टाकायचं.

मला राहवेना. तिथूनच आईंना फोन लावला. तिकडे दुपारचे साडेचार, त्यांची चहाची वेळ. फोनवर चाकू दाखवून मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, गुलाबाचे डोळे भरायचा चाकू तो. शेवटची चार वर्षं ह्यांचा हात कापायचा, तेव्हा मीच भरत होते."

"मग आई, आम्ही एवढं बोलायचो तेव्हा तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच उभी होते. त्याच संग्रहालयात ह्या गावातल्या 'बफर गर्ल्स'ची माहिती लावलेली आहे. काट्या-चमच्यांना झिलई देण्याचं काम बायका-मुलींचं. तेल आणि वाळूनं दिवसभर अंग काळं व्हायचं, म्हणून त्या डोक्याला लाल फडकं बांधायच्या आणि कपड्यांवर तपकिरी कागदाचे एप्रन दोरीनं आवळायच्या. १९१९ साली रोथेनस्टाइन ह्या चित्रकारानं त्यांचं चित्र काढलंय. पात्यावर नाव कारखान्याच्या मालकाचं. ज्या चकाकीवर भाळून गिऱ्हाईक पैसे मोजायचं ती चकाकी ह्या मुलींची. त्यांचं नाव कुठेच नाही. आता मात्र गावाच्या मध्यभागी, सिटी हॉलसमोर, हातात हात घातलेल्या दोन बायकांचा ब्राँझचा पुतळा आहे. दोन्ही महायुद्धांत पोलादाच्या कारखान्यांत राबलेल्या बायकांचा. तो बसवला २०१६ साली. सत्तर वर्षांनी का होईना, कुणीतरी विचारलं.

बायकांच्या हौसेचाही एक चाकू तिथं होतो, तो सांगायलाच हवा. घडी घालून पर्समध्ये ठेवायचा फळांचा चाकू, मूठ शिंपल्याची आणि पातं चांदीचं. चांदीचं का? तर फळातल्या आंबटपणानं साधं पोलाद काळं पडतं आणि फळालाही लोखंडाची चव येते. आवळा चिरल्यावर विळी कशी होते ते आठवा. न गंजणारं पोलाद ह्याच गावात हॅरी ब्रिअर्ली ह्यांनी १९१३ साली शोधलं. त्याच्या आधी श्रीमंतांनी काढलेली ही युक्ती.

१८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी जोसेफ रॉजर्स ह्यांच्या कारखान्यानं ७५ पात्यांचा आणि हत्यारांचा एक प्रचंड चाकू केला होता. कौतुक आहेच. पण तो कुणाच्या खिशात मावणार? ह्या गावात स्टॅन शॉ नावाचे नामांकित कारागीर होऊन गेले. चौदाव्या वर्षी कामाला लागले ते म्हातारपणापर्यंत एकेक चाकू हातानं करत राहिले. २०२१ साली ते वारले. आता असं हातानं काम करणारे मोजकेच उरलेत.

मग मी काय आणलं? त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर मी खरंखरं दिलं. पोत्याची शिवण, पार्सलचा दोरा, दुधाची पिशवी, शाळेच्या हस्तकलेतला पुठ्ठा. त्यांनी शीप्सफूटच पुढे केला. सरळ धार पुठ्ठ्यावर पट्टीला लावून चालते, आणि घाईत पर्समध्ये हात घातला तरी टोचत नाही. घेताना त्यांनी चाकू उघडून-मिटून आवाज ऐकवला. पातं उघडताना न अडखळता चाललं पाहिजे आणि शेवटी 'टक' असं स्पष्ट बोललं पाहिजे. नुसतं लुळं पडलं तर स्प्रिंग कमजोर समजावी.

तुमच्याकडे असा चाकू असेल किंवा घेणार असाल, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. ह्या जुन्या पद्धतीच्या चाकूला कुलूप नसतं, पातं फक्त स्प्रिंगवर उभं राहतं. म्हणून टोकानं भोक पाडायला जोर लावू नये, पातं बोटांवर मिटतं. मिटताना बोटं मुठीच्या दोन्ही बाजूंना धरावीत, खाचेच्या वाटेत ठेवू नयेत. साध्या पोलादाच्या पात्यानं लिंबू, कैरी चिरली तर लगेच धुऊन कोरडं करावं. काळसर झाक येते ती राहू द्यावी, तांबडा गंज मात्र येऊ देऊ नये. सांध्यात महिन्यातून एक थेंब तेल पुरे. सरळ धार साध्या दगडावर घरीही लावता येते. माळ्याच्या वाकड्या पात्याला गोल कडेचा दगड लागतो, ते धारवाल्याकडेच द्यावं. विमानप्रवासात चाकू नेहमी खाली जाणाऱ्या सामानात ठेवावा, हातातल्या पिशवीत चालत नाही. आणि तिकडे कायदा कडक आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना चाकू विकण्यावर बंधनं आहेत, आणि तीन इंचांहून मोठ्या धारेचा किंवा कुलूप पडणारा चाकू सबळ कारणाशिवाय बाहेर बाळगता येत नाही.

आता सासऱ्यांच्या चाकूचं सांगते. भावजींनी तो आपल्या मुलासाठी मागितला होता, आजोबांची आठवण म्हणून. नातू थोरला, तेव्हा चाकू त्याचाच, असं सगळ्यांनी जवळजवळ धरून ठेवलं होतं. माझ्या लेकीचं नाव कुणी काढलं नव्हतं. मुलीला चाकू कशाला, असं कुणी बोललं नाही, पण बोलायची गरजही पडली नव्हती. दिवाळीत सगळे गावी जमलो, तेव्हा आईंनी ट्रंक उघडली आणि म्हणाल्या, "ज्याला डोळा भरता येईल त्याचा चाकू. आधी शिका."

थंडी पडू लागली होती, गुलाबाच्या डोळ्यांचा हंगाम. परसात दोन्ही नातवंडांना बसवून आईंनी पाच-पाच डोळे भरायला लावले. साल उचलताना त्यांच्या हातातली ती हाडाची जीभ अशी फिरत होती की हे आणि भावजी दोघंही गप्प बसून बघत होते. तीन आठवड्यांनी आईंचा फोन आला. माझ्या लेकीचे तीन डोळे धरले, पुतण्याचे दोन. सहावा कुणाचा ह्यावर दोघांचं अजून भांडण आहे, कारण खुणेची चिठ्ठी कोंबडीनं पळवली.

चाकू कुणाला ते आईंनी अजून सांगितलेलं नाही. "पुढच्या थंडीत बघू," म्हणतात. मला विचाराल तर घाई नाही. तो आत्ता ज्यांच्याकडे आहे, त्यांचा हात अजून चांगला चालतोय.